संगीत बारी थिएटर

संगीत बारी थिएटर (इतर नावे : तमाशा थिएटर, कला केंद्र) हे लावणीप्रधान तमाशाच्या पार्ट्यांना मुक्कामाची आणि कला सादर करण्याची जागा देणारे महाराष्ट्रातील कायमस्वरूपी नाट्यगृह होय. येथे एकाच खेळात अनेक पार्ट्या क्रमाने रंगमंचावर येतात. 'बारी' म्हणजे पाळी. कोणत्या पार्टीला थिएटरात घ्यावे आणि कोणाचा मुक्काम वाढवावा, याचा निर्णय थिएटरचा मालक किंवा त्याने नेमलेला व्यवस्थापक घेतो. त्यामुळे त्याच्या पारखीवर कलावंत कुटुंबांची उपजीविका बऱ्याच अंशी अवलंबून असते.

ढोलकी फड आणि संगीत बारी

तमाशाचे ढोलकी फड आणि संगीत बारी असे दोन मुख्य प्रकार मानले जातात. ढोलकी फड यात्रा-जत्रांतून गावोगावी फिरतो आणि गण, गवळण, बतावणी व वग या क्रमाने खेळ सादर करतो. संगीत बारीत वग नसतो. लावणीचे गायन, अदाकारी आणि नृत्य हाच तिचा गाभा असतो. पार्टीची सूत्रे सामान्यतः मालकिणीकडे असतात. ढोलकी, तबला व पेटी ही साथीची प्रमुख वाद्ये होत.

दोन्ही प्रकारांत निवडीची पद्धतही वेगळी आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन आपल्या यात्रेसाठी सुपारी ठरवतात. हा व्यवहार मुख्यतः फडाच्या नावावर व पूर्वलौकिकावर होतो, कारण ठरवण्याच्या वेळी खेळ समोर नसतो. संगीत बारी थिएटरात मात्र पार्टीची परीक्षा रोज प्रेक्षकांसमोर होते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट रोड परिसरात अनेक नाट्यगृहे उभी राहिली. 'प्ले हाऊस' या शब्दाचा अपभ्रंश होऊन तो भाग 'पिला हाऊस' या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे तमाशालाही मुंबईत मोठा प्रेक्षक मिळाला. कोकण आणि घाटावरून गिरणीत कामाला आलेला कामगार हा त्याचा मुख्य आश्रयदाता होता. लालबागचे हनुमान थिएटर याच प्रेक्षकावर उभे होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाची क्रयशक्ती ओसरली आणि त्याचा फटका तमाशालाही बसला. पुण्यात गणेश पेठेतील आर्यभूषण थिएटर संगीत बारीचे प्रसिद्ध केंद्र ठरले. चौफुला (दौंड तालुका), मोडनिंब (माढा तालुका) आणि जामखेड येथील कला केंद्रेही परिचित आहेत.

पार्टीची पारख

थिएटरातील पार्टीचे मूल्यमापन लेखी स्वरूपात होत नाही. त्याला निश्चित गुणपत्रिका नसते. तरीही काही बाबी सर्वत्र पाहिल्या जातात. गाणारीचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का, लावणीतील शब्दांचा भाव चेहऱ्यावर व हातांच्या हालचालींत उतरतो का, आणि ढोलकीचा ठेका नर्तिकेच्या पावलांना धरून राहतो का, हे त्यांतील कलाविषयक निकष होत. संचातील नर्तिकांची संख्या, पोशाख आणि वेळेची शिस्त यांचाही विचार होतो.

या निकषांबरोबर प्रेक्षकांचा कौल असतो. आवडलेल्या लावणीची 'फर्माईश' करणे आणि कलावंतावर पैसे उधळणे, म्हणजेच 'दौलतजादा', ही त्याची उघड चिन्हे होत. ज्या पार्टीच्या बारीला फर्माईश अधिक, तिला व्यवस्थापक सहसा दूर करीत नाही. मुख्य खेळाव्यतिरिक्त निवडक श्रोत्यांसाठी खासगी बैठकही होते. उत्पन्नातील थिएटरचा हिस्सा वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे नर्तिका व साथीदारांत पडतात. परिणामी एका बारीचे यश किंवा अपयश संपूर्ण संचाच्या घरखर्चाशी जोडलेले असते.

कला आणि मागणी यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. बैठकीच्या लावणीत एकच ओळ अनेक प्रकारे आळवून तिचे अर्थ उलगडले जातात. त्यासाठी श्रोत्याजवळ सवड लागते. 'पिंजरा' (१९७२) सारख्या चित्रपटांमुळे लावणी घरोघरी पोहोचली, पण थिएटरात चित्रपटगीतांची फर्माईशही वाढली. तालीम घेतलेल्या ज्येष्ठ गायिकेपेक्षा वेगवान नाच करणारा तरुण संच व्यवसायाला सोयीचा ठरू लागला.

अमेरिकेतील व्हॉदव्हिलशी तुलना

वेगवेगळे कलाप्रकार एकाच खेळात दाखवणाऱ्या व्हॉदव्हिल या अमेरिकी रंगप्रकारातही थिएटर व्यवस्थापकाचे मत निर्णायक असे. विसाव्या शतकाच्या आरंभी कीथ-अल्बी या नाट्यगृह-साखळीचे व्यवस्थापक प्रत्येक कलाकाराच्या प्रयोगावर लेखी अहवाल पाठवीत. हे अहवाल आयोवा विद्यापीठात जतन केलेले आहेत. संगीत बारीच्या व्यवस्थापकांचे निर्णय मात्र तोंडी राहिले. त्यामुळे कोणत्या पार्टीने कोणत्या हंगामात काय गायले, याची नोंद कलावंतांच्या आठवणींवरच अवलंबून राहते.

थिएटराबाहेरील मान्यता

यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी कोल्हाटी समाजातील गरिबीतून वाट काढत स्वतःची संगीत पार्टी उभी केली. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. अकलूज येथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने पार्ट्यांना तिकीटविक्री व दौलतजादा यांपलीकडचे व्यासपीठ दिले. तेथे परीक्षक गायन, अदाकारी व साथसंगत यांवर निर्णय देतात. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' (२०१४) या पुस्तकाने या व्यवसायातील स्त्रियांचे जीवन वाचकांसमोर आणले.

सद्यःस्थिती

दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नृत्याचे कार्यक्रम यांमुळे थिएटरांचा प्रेक्षक घटला आहे. प्रत्यक्ष गायन व जिवंत साथ टिकवणाऱ्या पार्ट्यांचा खर्च अधिक असतो, त्यामुळे केवळ उत्पन्नावर मूल्यमापन झाल्यास त्यांचेच नुकसान होते. संगीत बारीच्या जतनाचा प्रश्न म्हणूनच चांगली पार्टी कोणती, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतो, या प्रश्नाशी निगडित आहे.

हेही पाहा

तमाशा
लावणी
दौलतजादा
यमुनाबाई वाईकर