एका राज्याची बांधणी : आल्फ्रेड ते कनूट

मागच्या व्याख्यानात आपण रोमन सैन्य ब्रिटन सोडून गेल्यावर तिथे आलेल्या अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोकांविषयी बोललो होतो. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. इ. स. ८५०च्या सुमारास इंग्लंड नावाचं एक राज्य अस्तित्वातच नव्हतं. नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया आणि वेसेक्स अशी चार मोठी राज्यं होती आणि त्यांचं आपसात फारसं पटत नव्हतं. पुढच्या सव्वाशे वर्षांत त्यांचं एक राज्य झालं. ते कसं झालं, आणि कोणाला त्याची किंमत मोजावी लागली, हे आज पाहू.

८६५ साली डेन लोकांचं एक मोठं सैन्य ईस्ट अँग्लियात उतरलं. याआधीचे डेन लूट करून परत जात. हे मात्र राहायला आले होते. ८६६मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं. ८६९मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला. ८७४मध्ये मर्सियाचा राजा बर्गरेड राज्य सोडून रोमला निघून गेला. उरलं एकटं वेसेक्स. ८७८च्या जानेवारीत डेन राजा गुथ्रम यानं ऐन हिवाळ्यात चिपनमवर अचानक चाल केली आणि आल्फ्रेड राजाला मोजक्या माणसांनिशी सॉमरसेटच्या दलदलीत, अ‍ॅथेल्नी इथे आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात एडिंग्टनला त्यानं गुथ्रमचा पराभव केला.

इथे बऱ्याचदा गोष्ट संपवली जाते. आपण थोडं थांबू या. या विजयानंतर डेन देशाबाहेर गेले का? नाही. गुथ्रमनं बाप्तिस्मा घेतला, स्वतः आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला, आणि गुथ्रम ईस्ट अँग्लियात राज्य करू लागला. उत्तर आणि पूर्व भाग डेनांकडेच राहिला. म्हणजे एका लढाईनं वेसेक्स वाचलं. इंग्लंड घडायचं अजून बाकी होतं.

ते घडवलं ते तटबंदीनं आणि हिशेबानं. आल्फ्रेडनं ‘बर्ग’ म्हणजे तटबंदीची गावं उभारायला घेतली. त्याचा मुलगा एडवर्ड याच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी एक यादी आज उपलब्ध आहे. तिच्यात सुमारे ३० बर्ग आहेत आणि प्रत्येकाला किती जमीन नेमून दिली आहे ते लिहिलं आहे. जमीन मोजायचं माप होतं ‘हाइड’, साधारण एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन. दर हाइडमागे एक माणूस द्यायचा आणि तटाच्या दर पाच मीटरला चार माणसं उभी करायची, असा हा हिशेब. विंचेस्टरला २,४०० हाइड नेमले होते. गणित केलं तर तटाची लांबी येते सुमारे तीन किलोमीटर, आणि तिथल्या जुन्या रोमन तटाची लांबी जवळपास तेवढीच आहे! कोणत्या गावानं किती माणसं द्यायची हे लिहून ठेवणारं आणि ती खरोखर उभी करू शकणारं असं हे राज्य होतं.

एडवर्डच्या बरोबरीनं हे काम केलं त्याच्या बहिणीनं, एथेलफ्लेडनं. तिचा नवरा मर्सियाचा शासक होता. तो ९११मध्ये वारल्यावर तिनं स्वतः कारभार हाती घेतला. टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड इथे तिनं बर्ग बांधले, ९१७मध्ये डर्बी जिंकलं आणि ९१८मध्ये लेस्टर न लढताच मिळवलं. त्याच वर्षी जूनमध्ये ती टॅमवर्थला वारली. तिच्यामागे तिची मुलगी एल्फ्विन होती. पण थोड्याच महिन्यांत मामाच्या माणसांनी एल्फ्विनचे अधिकार काढून घेतले आणि तिला वेसेक्सला नेलं. वेसेक्सच्या दृष्टीनं हे एकीकरण होतं. मर्सियाच्या लोकांना ते तसंच वाटलं असेल का, हा विचार आपण करायला हवा.

पुढे एडवर्डचा मुलगा अ‍ॅथेलस्टन यानं ९२७मध्ये यॉर्क घेतलं आणि ९३७मध्ये ब्रुनानबर इथे डब्लिनचे नॉर्स आणि स्कॉट यांच्या एकत्रित फौजेला हरवलं. राज्यभर एकच नाणं चालेल, असा कायदाही त्यानं केला. यॉर्कचा शेवटचा नॉर्स राजा एरिक ९५४मध्ये गेला. मग आला एडगर. त्यानं ९७३च्या सुमारास सगळीकडे एकाच छापाची नाणी सुरू केली. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एडगरच्या कायद्यानं डेन लोकांना त्यांच्या भागात त्यांच्या रूढींप्रमाणे चालायची मुभा दिली होती. एक राज्य म्हणजे सगळे एकसारखे, असं त्यानं धरलं नाही.

त्याचा मुलगा एथेलरेड मात्र वेगळ्या वाटेनं गेला. समुद्रावरून पुन्हा हल्ले सुरू झाले होते, खंडणीपायी पैसा जात होता. १००२ साली त्यानं हुकूम काढला : इंग्लंडमधल्या सगळ्या डेन पुरुषांना १३ नोव्हेंबरला मारून टाका. देशाच्या उत्तर-पूर्वेला डेन वंशाची इतकी वस्ती असताना हा हुकूम सगळीकडे अमलात येणं शक्यच नव्हतं. पण ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला डेन चर्चमध्ये शिरले आणि गावकऱ्यांनी चर्चच पेटवून दिलं. हे आपल्याला कसं कळतं? दोन वर्षांनी त्याच चर्चला दिलेल्या राजाच्या सनदेवरून. त्या सनदेत डेनांना गव्हात उगवलेल्या तणाची उपमा दिली आहे. ज्या कारभारानं तटावर माणसं उभी केली, त्याच कारभाराच्या वाटेनं हा हुकूमही गावोगाव गेला.

त्यानं राज्य वाचलं का? १०१६मध्ये डेन राजपुत्र कनूट इंग्लंडचा राजा झाला. त्यानं हे राज्य मोडलं नाही. त्याला ते तयारच मिळालं होतं. १०१८मध्ये त्यानं त्याच यंत्रणेकडून ७२,००० पौंड वसूल केले, लंडनचे १०,५०० वेगळेच. आणि त्याच वर्षी डेन आणि इंग्रज एकत्र बसले, एडगरच्या कायद्याप्रमाणे चालायचं त्यांनी ठरवलं. कुठे? ऑक्सफर्डमध्ये, चर्च जळाल्याला सोळा वर्षं झाली होती तेव्हा.

आपल्याला यातून दिसतं ते असं. राजे बदलले, घराणी बदलली, पण नाणं, जमिनीचा हिशेब आणि न्यायसभा टिकल्या. हीच यंत्रणा १०६६मध्ये विल्यमच्या हाती लागली, आणि १०८६मध्ये त्यानं सबंध देशाची मोजणी करून घेतली ती तिच्याच बळावर. त्या मोजणीविषयी पुढच्या व्याख्यानात बोलू.