रान्फ्टच्या घळीतून आलेला निरोप

डिसेंबर १४८१. स्वित्झर्लंडमधल्या स्टान्स गावात आठ प्रांतांचे प्रतिनिधी भांडून थकले होते. बर्गंडीच्या ड्यूकविरुद्धचं युद्ध त्यांनी एकत्र लढून जिंकलं होतं, पण लुटीच्या वाटणीवरून मनं कलुषित झाली होती. त्यात फ्रिबोर्ग आणि सोलोथुर्न या दोन शहरांना संघात घ्यायचं का, हा वाद. शहरी प्रांत हो म्हणत होते. डोंगरातल्या शेतकरी प्रांतांना मात्र शहरांचं वजन वाढेल अशी भीती होती. बोलणी मोडली. आता आपसातलं युद्ध अटळ वाटत होतं.

त्या रात्री गावचा धर्मगुरू हाइमो अम ग्रुंड डोंगरवाटेनं रान्फ्टच्या घळीकडे निघाला. तिथे एका लाकडी खोलीत लिहिता-वाचता न येणारा एक म्हातारा राहत होता. लोक त्याला ‘ब्रुडर क्लाउस’ म्हणत. ब्रुडर म्हणजे भाऊ. धर्मगुरू त्याचा निरोप घेऊन सकाळी परतला, प्रतिनिधींना गोळा केलं आणि २२ डिसेंबरला करार झाला. दोन्ही शहरं संघात आली. निरोपाचे शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत.

त्याचं एवढं का ऐकलं? संन्यासी होण्याआधी निकोलस फॉन फ्ल्यूए (जन्म १४१७) चांगला खातापिता शेतकरी होता. सैनिक म्हणून लढला, न्यायाधीश झाला, प्रांताच्या सभेत बसला. लोकांची भांडणं त्यानं जवळून पाहिली होती. पुढे त्यानं पदं सोडली आणि १६ ऑक्टोबर १४६७ ला घरही सोडलं. दूर परमुलखात जायचं म्हणून निघाला, पण लीस्टाल गावापासून मागे फिरला आणि घरापासून चालत काही मिनिटांवरच्या घळीत राहिला. गावकऱ्यांनी त्याला खोली आणि छोटं चॅपेल बांधून दिलं. खोलीची एक खिडकी चॅपेलच्या वेदीकडे उघडायची, दुसरी बाहेरच्या माणसांकडे. त्याची सगळी शिकवण मला या दोन खिडक्यांत दिसते. तो एकांतात गेला, पण दार लावून घेतलं नाही. त्याला कोणाकडून काही नको होतं, म्हणून दोन्ही बाजूंना तो आपला वाटला.

पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे: त्याची बायको, डोरोथेआ. पदरात दहा मुलं, त्यातलं धाकटं अजून तान्हं. तिनं होकार दिला म्हणूनच तो जाऊ शकला. मोठे मुलगे शेती सांभाळण्याजोगे झाले होते, हे खरं. तरी रोजचं ओझं तिच्यावरच पडलं. नवरा हाकेच्या अंतरावर, पण घरात नाही.

१४८२ मध्ये बर्नच्या नगरसभेनं देणगी पाठवली. आभाराचं पत्र त्यानं दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. शांती देवातच असते, एकमेकांचं ऐका, विधवांना आणि अनाथांना सांभाळा, असं त्यात आहे. बायको-मुलांना सोडून गेलेल्या माणसाचा हा सल्ला वाचताना मी अडखळतो. कदाचित आपल्या शांततेची किंमत दुसरं कोणी मोजतंय, हे त्याला चांगलंच ठाऊक असावं.

२१ मार्च १४८७ ला तो त्याच खोलीत वारला. १९४७ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याला संत घोषित केलं. आज तो स्वित्झर्लंडचा रक्षक संत मानला जातो. सगळं सोडून डोंगरात जावंसं आपल्यालाही अधूनमधून वाटतं. तेव्हा क्लाउसची आठवण जरूर काढावी, पण मागे घर कोण चालवणार हेही विचारावं. स्टान्सच्या करारामागे डोरोथेआचा होकारही आहे.