माहुलीच्या सुळक्यांचं गोत

आटगाव स्टेशनावर उतरून पश्चिमेला पाहिलं की माहुलीची रांग दिसते. तिच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, भटजी अशी नावं देऊन सगळं लग्नच लावून ठेवलंय. 1636 मध्ये शहाजीराजांनी याच रांगेवरच्या माहुली गडाच्या आधाराने मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. दगडाची वंशावळ मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि ती थेट समुद्रापार जाते.

हा कातळ बेसॉल्टचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत राहिला आणि थरावर थर चढले. पावसाळा सरताना कडा नीट बघा: कठीण थर काळे, ताठ उभे, मऊ थरांच्या टप्प्यांवर गवत. वाटेतला दगड हातात घेतला तर त्यावर बारीक भोकं दिसतात. थिजत्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या या जागा. काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात. खडक थंड होताना आकसला, उभ्या चिरा पडल्या, पावसाने त्या रुंदावल्या, आजूबाजूचं ढासळलं. टिकले ते सुळके.

तेव्हा आपली भूमी दक्षिण गोलार्धात होती. आज जिथे रियुनियन बेट आहे, त्या भागातल्या खोल उष्ण स्रोतावरून ती उत्तरेकडे सरकत होती, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भूमी पुढे गेली, स्रोत मागेच राहिला. त्यातूनच नंतर मालदीवखालची बुडालेली डोंगररांग, मग मॉरिशस आणि सर्वांत शेवटी रियुनियन घडलं. माहुली या घराण्यातली थोरली.

मॉरिशसच्या दक्षिण टोकाला, सुयाक गावाजवळ, ग्री-ग्रीचा किनारा आहे. बेटाला बहुतेक सगळीकडे प्रवाळाचं कुंपण आहे, इथे नाही. त्यामुळे लाटा थेट काळ्या कातळावर आदळतात. तिथल्या एका खडकावरून लाट ओसरली की पाणी धारांनी निथळत राहतं, म्हणून त्याला रडणारा खडक म्हणतात. आपल्याकडे पावसाने केलं ते काम तिथे समुद्र करतो. दगड एकाच कुळातला.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी माणसं करारावर मजुरीला मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. ज्या काळ्या दगडाच्या मुलखातून ती निघाली, त्याच्याच धाकट्या भावंडावर जाऊन वसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या घराण्यातलं शेंडेफळ म्हणजे रियुनियन, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे. जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींत त्याची गणना होते.