देवमाशांची खानेसुमारी

१९३०च्या दशकात दक्षिण महासागरात ब्रिटिश संशोधक देवमाशांवर बंदुकीतून पोलादी नळ्या झाडत. नळीवर क्रमांक आणि ती परत पाठवण्याचा पत्ता कोरलेला असे. नळी देवमाशाच्या अंगात रुतून बसे. पुढे कधी तो शिकाऱ्यांच्या हाती लागला, कापला गेला आणि कुणाला ती नळी सापडली, तरच त्याचा प्रवास कळे. जनावर मेल्याशिवाय नोंद पुरी होत नसे. मोजणाऱ्याची वही मारणाऱ्याच्या वहीला बांधलेली होती.

ही गाठ सुटली ती कॅमेऱ्यामुळे, आणि त्यातले एक मोठे श्रेय कॅनडातल्या मायकेल बिग या सरकारी संशोधकाचे. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर ऑर्का म्हणजे सामन मासे पळवणारा चोर, अशी कोळ्यांची समजूत होती. १९६०च्या सुमारास सरकारने एका सामुद्रधुनीपाशी ऑर्कांसाठी मशीनगनही बसवली होती; ती झाडली मात्र गेली नाही. मग मत्स्यालयांकडून मागणी आली आणि ऑर्का जिवंत पकडण्याचा धंदा सुरू झाला. समुद्रात ऑर्का भरपूर आहेत, असे सगळेच गृहीत धरत होते. मोजले कुणीच नव्हते.

बिग यांनी साधा मार्ग धरला. कोळी, दीपगृहांचे रखवालदार, फेरीबोटींचे कर्मचारी अशांना त्यांनी सुमारे १५,००० प्रश्नपत्रके पाठवली: २६ जुलै १९७१ रोजी तुम्हाला कुठे, किती ऑर्का दिसले ते कळवा. उत्तरांवरून आकडा निघाला २०० ते ३५०. हजारोंच्या भरवशावर चाललेल्या धंद्याखालची जमीनच सरकली. पण एका दिवसाच्या नजरअंदाजावर कोण विश्वास ठेवणार?

उत्तर फोटोंत सापडले. बोटीच्या पंख्याने बहुधा पाठपर तुटलेली एक मादी पुन्हा पुन्हा दिसे. तिचे नाव पडले स्टब्ज. तिच्याबरोबरची मंडळीही दर वेळी तीच असत. फोटो लावून पाहता बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की खूण एकटीलाच नाही. पाठपराचा आकार, त्यावरचे चरे आणि मागचा करडा डाग प्रत्येकाचा निराळा असतो. मग एकेकाला क्रमांक मिळाला, आई-लेकरांची नाती जुळली, कुळे मांडली गेली. १९७६मध्ये सीमेपलीकडे अमेरिकेत केन बाल्कम यांनी त्याच पद्धतीने दक्षिणेकडचे कुळ मोजले. ते भरले सत्तरच्या आसपास. त्या कुळातून चाळीसहून अधिक जीव पकडमोहिमांत आधीच गेले होते. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या पाण्यातली पकड थांबली. कुळ मात्र अजून सावरलेले नाही. २००५मध्ये अमेरिकेने ते संकटग्रस्त ठरवले.

सत्तर जीव एकेक करून मोजता येतात. हजारोंचे काय? तिथे जुने गणित कामी येते. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी ते माशांसाठी मांडले, अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३०मध्ये बदकांसाठी. समजा, पहिल्या हंगामात तुम्ही ४० वेगवेगळ्या देवमाशांचे फोटो घेतले. दुसऱ्या हंगामात ३० जणांचे घेतले आणि त्यांत १२ ओळखीचे निघाले. म्हणजे तीसातले बारा, शंभरातले चाळीस, आधी भेटलेले. तुमचे चाळीस जर एकूण कळपाचे शेकडा चाळीस असतील, तर कळप शंभराचा. ओळखीचे जितके कमी, तितका कळप मोठा. अर्थात काही जनावरे बोटीला बुजतात, काहींच्या अंगावर ठळक खूणच नसते, मधल्या काळात जन्ममृत्यू होतात. म्हणून आकड्याबरोबर चुकीची मर्यादाही सांगावी लागते. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी पाहून हंपबॅक देवमासे ओळखतात. २००४ ते २००६मध्ये अनेक देशांच्या शेकडो संशोधकांनी अशा फोटोंवरून उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकांची संख्या सुमारे २०,००० असल्याचा अंदाज काढला. शिकारीने रोडावलेली जात सावरत होती.

हे वाचून समाधान वाटते, तोच नजर आपल्या समुद्राकडे वळते. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने इथेच राहतात. १९६६ साली सोव्हिएत शिकारी ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत सुमारे २४० हंपबॅक मारले. ती शिकार बेकायदा होती आणि कित्येक वर्षे लपवली गेली. २००० ते २००४ या काळात ओमानच्या किनाऱ्यावर घेतलेल्या फोटोंवरून तिथल्या हंपबॅकांचा अंदाज निघाला ८२. एका मोसमात मारलेल्यांच्या जेमतेम एक तृतीयांश.

ते ओमानचेच म्हणून सोडून द्यावेत, असेही नाही. तिथे उपग्रहाची खूण लावलेली लुबान नावाची मादी २०१७मध्ये अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर कुबडवाल्या डॉल्फिनांच्या पाठपरांचे फोटो घेऊन अभ्यास झाला आहे. म्हणजे पद्धत आपल्याकडे रुजली आहे. हंपबॅकची शेपटी मात्र क्वचित वर येते आणि ती पाहणारा बहुधा ट्रॉलरवरचा तांडेल किंवा खलाशी असतो. बिग यांनी पहिली पत्रके पाठवली ती अशाच माणसांना. आज त्यांच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाइल आहे. ब्याऐंशींतली एखादी शेपटी रत्नागिरीसमोर टिपली गेली, तर ती जुन्या फोटोंशी ताडून पाहता येईल. त्यासाठी तिला मरावे लागणार नाही.