ट्रकचालकाची नोंदवही : तासांचा हिशेब आणि झोपेचा प्रश्न

अवजड मालमोटारीच्या चालकाने दिवसातून किती तास वाहन चालवावे, याचे काटेकोर नियम अमेरिकेत आहेत. 'अवर्स ऑफ सर्व्हिस' या नावाने ओळखले जाणारे हे नियम तेथील आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३७ मध्ये प्रथम तयार केले. आज त्यांची अंमलबजावणी वाहतूक खात्याच्या अखत्यारीतील 'फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ही यंत्रणा पाहते. नियम पाळले गेले की नाही, हे चालकाच्या लॉगबुकवरून म्हणजेच नोंदवहीवरून तपासले जाते.

तासांच्या मर्यादा

सलग १० तासांची विश्रांती घेतल्यानंतर मालवाहू ट्रकच्या चालकाला जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवता येते. मात्र, कामावर रुजू झाल्यापासून १४ तास उलटले की ट्रक चालवण्यास मनाई आहे. सकाळी ६ वाजता काम सुरू करणाऱ्या चालकाला रात्री ८ नंतर ट्रक चालवता येत नाही. जेवणाची सुटी किंवा माल भरण्यासाठी झालेला खोळंबा या १४ तासांतून सहसा वजा होत नाही. गोदामात ५ तास गेले, तर चालवण्यासाठी उरतात केवळ ९ तास. एकूण ८ तास वाहन चालवल्यावर ३० मिनिटांचा खंड बंधनकारक आहे. २०२० च्या सुधारणेनंतर या वेळेत इंधन भरण्यासारखे अन्य काम केले तरी चालते.

आठवड्यासाठीही मर्यादा आहे. आठवड्याचे सातही दिवस वाहतूक करणाऱ्या कंपनीच्या चालकाचे ८ दिवसांत ७० तास काम झाले, की त्याला ट्रक चालवता येत नाही. सलग ३४ तासांची सुटी घेतल्यास हा हिशेब नव्याने सुरू होतो. अनपेक्षित धुके वा हिमवृष्टी झाल्यास २ तासांची सवलत मिळते.

नोंद कशी होते?

नोंदवहीच्या पानावर २४ तासांचा तक्ता असतो. त्यात चार आडव्या ओळी असतात : कामावर नसणे, ट्रकमधील शयनकक्षात विश्रांती, वाहन चालवणे आणि वाहन न चालवता अन्य काम. स्थिती बदलली की रेघ दुसऱ्या ओळीवर न्यायची आणि ठिकाणाचे नाव लिहायचे, अशी ही पद्धत. चालू दिवसाची आणि मागील ७ दिवसांची नोंद चालकाजवळ असावी लागते, तर कंपनीला ती ६ महिने जपून ठेवावी लागते.

कागदी नोंदीत फेरफार करणे सोपे होते. त्यामुळे डिसेंबर २०१७ पासून बहुतांश ट्रकना इंजिनाशी जोडलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण सक्तीचे झाले. चाके फिरू लागताच ते वेळ आपोआप टिपते. २००० पूर्वीच्या इंजिनांना यातून वगळण्यात आले आहे. ट्रक उभा असताना चालक काम करतो की विश्रांती घेतो, हे मात्र आजही त्यालाच नोंदवावे लागते.

नियमांच्या पलीकडे

विश्रांतीचे तास मिळाले म्हणजे झोप झाली, असे नाही. जून २०१४ मध्ये न्यू जर्सी टर्नपाइकवर एका ट्रकने प्रवासी व्हॅनला मागून धडक दिली. त्यात एका विनोदी कलाकाराचा मृत्यू झाला. ट्रकचालक तब्बल २८ तास जागा होता, असे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. कामावर येण्यापूर्वी त्याने रात्रभर स्वतःचे वाहन चालवत शेकडो मैल प्रवास केला होता. कामाची १४ तासांची मुदत मात्र संपलेली नव्हती.

भारतातही हा विषय नवा नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. तथापि हा कायदा किमान पाच कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. त्यामुळे एकदोन गाड्यांचे छोटे मालक सहसा त्याच्या कक्षेबाहेर राहत. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास निश्चित करण्याची आणि झोप ओळखणारे सेन्सर बसवण्याची गरज व्यक्त केली होती. तास मोजण्याची खात्रीशीर व्यवस्था आणि ट्रक उभा करून निर्धास्त झोपता येईल अशा जागा, या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज कोणतीही मर्यादा कागदावरच राहते.