पंतोजीचें सेनापतित्व

सेनापतीची नेमणूक होते; तो निवडून येत नसतो. ता. १२ नोव्हेंबर १९४५ रोजीं जावांतील योग्यकर्ता शहरीं ही रूढि मोडली. इंडोनेशियन प्रजासत्ताकाच्या स्वातंत्र्यघोषणेला तेव्हां पुरते तीन महिनेहि झाले नव्हते. त्याच्या सेनाधिकाऱ्यांनीं एकत्र जमून आपला सरसेनापति मतदानानें ठरविला. एका बाजूस उरीप सुमोहार्जो हे होते : पन्नाशी उलटलेले, डच वसाहतीच्या फौजेंत सुमारें पंचवीस वर्षें चाकरी करून मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोंचलेले मुरब्बी गृहस्थ. दुसऱ्या बाजूस सुदिर्मान : वय २९, पेशा शाळामास्तराचा, आणि लष्करी अनुभव म्हणावा तर पुरत्या दोन वर्षांचाहि नाहीं. पहिल्या दोन फेऱ्यांत निकाल लागेना. तिसरींत मास्तरांना २२ मतें पडलीं, मेजरसाहेबांना २१. मास्तरांनीं उरीप यांच्यासाठीं जागा सोडण्याची तयारी दाखविली, पण सभेनें तें ऐकलें नाहीं.

सैन्यानें सेनापति निवडावा, आणि तोहि पंतोजी, हें वाचून युद्धशास्त्राचा अभ्यासक हंसेल. परंतु त्या सैन्याची घडण पाहिली म्हणजे हंसूं आवरतें. त्यांत थोडे लोक डचांच्या हाताखालीं शिकलेले होते. पुष्कळसे जपान्यांनीं तयार केलेले. आणि बाकीच्या टोळ्या कोणींच न शिकविलेल्या, बांबूचे भाले घेऊन निघालेल्या. अशा लोकांना उरीप यांचें ज्ञान हवें होतें, पण डचांची चाकरी केलेल्या माणसावर अनेकांचा विश्वास बसेना. जेथें हुकूम चालत नाहीं तेथें शब्द चालावा लागतो. आणि ज्याचा शब्द चालेल असा माणूस त्यांना शाळेंत सांपडला.

सुदिर्मान यांचा जन्म २४ जानेवारी १९१६ चा, मध्य जावांतील पुर्बलिंगा भागांतला. नात्यांतील एका अधिकाऱ्यानें त्यांना दत्तक घेऊन चिलाचाप या बंदराच्या गांवीं वाढविलें. ते वारल्यावर घरीं दारिद्र्य आलें. सोलो येथील अध्यापनाचा अभ्यासक्रम पैशाअभावीं वर्षभरांतच सोडावा लागला, आणि १९३६ सालीं चिलाचापच्या मुहम्मदिया संस्थेच्या प्राथमिक शाळेंत त्यांनीं नोकरी धरली. पगार आरंभीं महिना ३ गुल्डेन! त्यांच्या तासाला पैगंबरांच्या चरित्रांतील प्रसंग येत, तशाच वायांगांतील कथाहि येत. वायांग म्हणजे जावांतील चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ; आणि त्यांतील पात्रें म्हणजे अर्जुन, भीम, कर्ण, कृष्ण. मुसलमान पंतोजीनें मुसलमान मुलांना पांडवांच्या गोष्टींवरून नीति शिकवावी, यांत जावामध्यें कोणास नवल वाटत नाहीं. आपणांस वाटलें तर तो आपल्या माहितीचा तोकडेपणा. पुढें ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. बालवीरांचें पथकहि त्यांच्याकडे असे.

मार्च १९४२ मध्यें जावा जपान्यांच्या हातीं गेलें. १९४३ सालीं त्यांनीं स्थानिक लोकांची ‘पेता’ नांवाची फौज उभारली आणि तिच्या पलटणींचे नायक म्हणून शिपाईगडी न शोधतां गांवांत ज्यांचें वजन आहे असे शिक्षक, अंमलदार व धर्मपंडित निवडले. १९४४ सालीं सुदिर्मान यांनीं बोगोर येथें कवाईत शिकून बान्युमास प्रांतांतील क्रोया येथील पलटण संभाळली. जपान शरण गेल्यावर त्या प्रांतांतील जपानी ठाण्यांचीं हत्यारें रक्त न सांडतां प्रजासत्ताकाच्या लोकांच्या हातीं आलीं. मतदानाच्या वेळीं हें सर्वांना ठाऊक होतें.

त्या महिन्यांतील जावाचा इतिहास मराठी वाचकाला परका नाहीं. ऑक्टोबर १९४५ अखेर सुराबाया बंदरांत उतरलेल्या ४९ व्या हिंदी ब्रिगेडींत तीन पलटणी होत्या, आणि त्यांपैकीं दोन मराठ्यांच्या. जपान्यांचीं हत्यारें काढून घेणें व कैदी सोडविणें हें त्यांचें घोषित काम. पण इंग्रजांच्या पाठोपाठ डच परत येणार ही लोकांची भीति खोटी नव्हती. लढाई पेटली, ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले, आणि स्वतः पारतंत्र्यांत असलेल्या देशाचे जवान दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याआड उभे राहून प्राणांस मुकले. दोष जवानांचा नव्हता; परंतु आपल्या पलटणींच्या पराक्रमाच्या याद्या वाचतांना हें पान उलटून जाऊं नये.

सुदिर्मान यांची पहिली मोठी लढाई याच इंग्रजी-हिंदी फौजेशीं झाली. नोव्हेंबरांत अंबारावा येथें त्यांचे सहकारी इस्दिमान हे विमानांच्या माऱ्यांत पडले, तेव्हां सूत्रें त्यांनीं स्वतः घेतलीं. १२ डिसेंबरच्या पहांटे हल्ला सुरू झाला. १५ तारखेस इंग्रज समुद्रकांठीं सेमारांगकडे मागें गेले. दोन्ही बगलांनीं शत्रूस कवटाळण्याच्या या डावाला तेथें ‘सुपित उरांग’ म्हणजे झिंग्याच्या नांग्या म्हणतात, आणि वायांगांतील भारतयुद्धांतहि या नांवाचा व्यूह येतो. इंग्रजांना अंतर्भागांतून निघायचेंच होतें हें खरें. तथापि पंतोजीची निवड चुकली नाहीं एवढें ठरावयास हा विजय पुरेसा झाला. १८ डिसेंबरला सरकारनें त्यांच्या पदावर शिक्कामोर्तब केलें. उरीप त्यांच्या हाताखालीं सेनाप्रमुखाचें काम करीत राहिले.

जावांत शिक्षकाला ‘पाक’ म्हणतात, वडिलांनाहि तेंच. सैनिक त्यांना ‘पाक दिर्मान’ म्हणत. हें सारें गोड असलें तरी त्यांत एक धोका होता. ज्या सेनापतीला सैन्यानें निवडलें तो मंत्रिमंडळाचें कितपत ऐकणार? पंतप्रधान शारीर यांचें डचांशीं वाटाघाटी करण्याचें धोरण सुदिर्मान यांना मान्य नव्हतें, आणि १९४६ सालीं त्यांची सहानुभूति उघडपणें तान मलाका यांच्या विरोधी आघाडीकडे होती. त्या जूनमध्यें कांहीं सेनाधिकाऱ्यांनीं शारीर यांना पळवून नेलें, आणि ३ जुलैस सुदार्सोनो यांनीं सुकार्नो यांच्यापुढें नव्या मंत्रिमंडळाची मागणी ठेवली. तींत सुदिर्मान यांचें नांव वापरलें गेलें. त्यांचें वर्तन त्या दिवसांत संशयातीत होतें असें त्यांच्या भक्तांनींहि म्हणूं नये.

मात्र १९४८ च्या आरंभींच्या रेनव्हिल कराराच्या वेळचें त्यांचें वागणें पाहा. या करारानें पश्चिम जावांतील फौजांना न हरतां आपला मुलूख सोडून यावें लागलें. सुदिर्मान करारावर नाराज होते. तरीहि त्यांनीं या माघारीला ‘हिजरा’ हें नांव दिलें. पैगंबरांनीं मक्का सोडून मदिना गांठली ती हिजरा. तें परत येण्यासाठींच झालेलें प्रयाण. एका शब्दानें अपमानाचें व्रत झालें. हें काम पंतोजीचेंच.

त्याच वर्षीं क्षयानें त्यांचें एक फुप्फुस निकामी झालें. ते अंथरुणावर असतांनाच १९ डिसेंबर १९४८ रोजीं डचांनीं योग्यकर्त्यावर विमानांतून सैन्य उतरविलें. सुकार्नो यांनीं पूर्वीं डोंगरांत लढूं असें सांगितलें होतें; त्या सकाळीं मात्र त्यांनीं व हट्टा यांनीं शहरांत राहून कैद पत्करली. सुदिर्मान यांनीं शहरांत राहून उपचार घ्यावे असें त्यांनीं सुचविलें; ते निघाले. बांबूच्या दांड्यांना बांधलेल्या डोलींत बसून, दक्षिण किनाऱ्याकडे, तेथून पूर्वेस केदिरीपर्यंत आणि पुन्हा मागें लावू पर्वताच्या परिसरांतील सोबो या खेड्यांत, असे सात महिने गेले. वाहक बदलत, रात्री चालत. डोलींतून युद्धाचे बारकावे काय चालविणार? जिल्ह्याजिल्ह्यांतील पलटणी आपापल्या अक्कलेनेंच लढत होत्या. त्यांना हवें होतें तें एवढेंच कीं ‘पाक दिर्मान’ अजून हातीं लागलेले नाहींत.

येथें सुकार्नो यांना भित्रे ठरविण्याची जी रीत पडली आहे ती मला पटत नाहीं. कैदेंतील राष्ट्राध्यक्ष आणि डोंगरांतील सेनापति या दोघांमुळेंच जगासमोर डचांची बाजू लंगडी पडली. जानेवारी १९४९ मध्यें नेहरूंनीं दिल्लीस आशियाई परिषद बोलाविली. सुरक्षा समितीनेंहि डचांना अडविलें. १ मार्चला सुहार्तो यांच्या नेतृत्वाखालीं प्रजासत्ताकाच्या सैन्यानें योग्यकर्ता सुमारें सहा तास ताब्यांत ठेवलें. ही कल्पना कोणाची, सुहार्तो यांची कीं तेथील सुलतानांची, हा वाद पुढें फार रंगला. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सरकार कैद झालें तेव्हां देशांत सर्वांत बलवान् पुरुष सुदिर्मान हेच होते. त्यांनीं सत्ता घेतली नाहीं. सुमात्रांत शफरुद्दीन यांनीं स्थापलेलें हंगामी मुलकी सरकार त्यांनीं मान्य केलें.

मे १९४९ च्या करारानें डच योग्यकर्त्यांतून निघाले. सुदिर्मान यांना हाहि करार नको होता. अखेर सुलतानांच्या व सहकारी गातोत सुब्रोतो यांच्या आग्रहानें ते १० जुलैला परतले. लांब कोटांत बुडालेला अस्थिपंजर देह आणि त्याला कवटाळणारे सुकार्नो, असें त्या भेटीचें छायाचित्र आहे.

पुढें १९९८ पर्यंत चाललेल्या सुहार्तो यांच्या राजवटींत सैन्यानें राज्यकारभारांत आपला हक्क सांगितला, तेव्हां याच डोलीचा दाखला देण्यांत येई : मुलकी पुढारी शरण गेले, सैन्यानें देश राखला. सोबोहून सुमात्राच्या सरकारला दिलेली मान्यता आणि १० जुलैचा परतीचा प्रवास त्या दाखल्यांत सोयीस्करपणें गाळला जाई.

२७ डिसेंबर १९४९ रोजीं डचांनीं सार्वभौमत्व सोडलें. २९ जानेवारी १९५० ला मागेलांग येथें सुदिर्मान वारले; वय ३४. योग्यकर्त्याच्या सेमाकी दफनभूमींत उरीप सव्वा वर्षापूर्वींच विसावले होते. त्यांच्या शेजारींच सुदिर्मान यांना ठेवण्यांत आलें.