कोंड्याची किंमत : उल्हास खोऱ्यातील अख्ख्या धान्याचा इतिहास

बदलापूर पश्चिमेकडील हेंद्रेपाडा हा आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्तीचा भाग असला, तरी ज्या उल्हास खोऱ्यात तो वसला आहे ते खोरे पिढ्यान् पिढ्या भातशेतीवर जगत आले. अख्खे धान्य आरोग्याला हितकर असते, हे आता आहारशास्त्र आग्रहाने सांगते. अख्खे धान्य म्हणजे बाहेरचे अखाद्य तूस काढल्यावरही ज्याचा कोंडा, अंकुर आणि पिठूळ गाभा हे तिन्ही भाग शाबूत असतात असे धान्य. या खोऱ्यातील घरांत ते आरोग्याचा नियम म्हणून आले नव्हते. जमिनीचा पोत, घरातील अवजारे आणि स्त्रियांचे श्रम यांमुळे ते ताटात होते, आणि या तिन्ही गोष्टी बदलल्या तेव्हा ते ताटातून गेले.

ठाणे जिल्ह्यातील शेतजमिनीचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. सखल, बांधबंदिस्तीच्या खाचरांत भात होई, तर माथेरान-चंदेरीच्या रांगेसारख्या डोंगरांच्या उतारावरील हलक्या, मुरमाड जमिनीत, जिला वरकस म्हणत, नागली (नाचणी), वरी आणि खुरासणी ही पिके आलटूनपालटून घेतली जात. पालापाचोळा, फांद्या आणि शेण जमिनीवर पसरून जाळायचे आणि त्या भाजलेल्या जागेत रोपे तयार करायची, ही राब भाजण्याची पद्धत या शेतीचा आधार होती. ठाकूर, कातकरी आणि कुणबी कुटुंबांच्या आहारात नागलीच्या भाकरीला मोठे स्थान होते. नागलीचा दाणा इतका बारीक असतो की त्याचे साल वेगळे करणे परवडत नाही. तो सालासकट दळला जातो आणि त्यामुळे नागलीचे पीठ आपोआपच अख्ख्या धान्याचे राहते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच सडीक (पांढऱ्या) तांदळात ते केवळ १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते.

भाताची गोष्ट निराळी होती, कारण त्याचे तूस काढावेच लागते. कोकणात त्यासाठी घिरट, म्हणजे भात भरडण्याचे जाते, आणि उखळ-मुसळ वापरत. घिरटात तूस सुटे, नंतर मुसळाने सडताना कोंड्याचा काही थर निघे आणि सुपात पाखडून कणी व कोंडा वेगळा केला जाई. किती वेळा सडायचे हे घरच्या ऐपतीवर आणि हातांतील बळावर अवलंबून असल्याने हातसडीचा तांदूळ पूर्णपणे असडीक नसला, तरी त्यावर कोंड्याचा बराच अंश शिल्लक राही. कोंड्यातील तेल हवेने खवट होते, म्हणून भात तुसासह साठवून लागेल तसे सडण्याची रीत पडली. हे काम जवळजवळ संपूर्णपणे बायकांच्या अंगावर होते, आणि लग्नापूर्वी घाणा भरण्याच्या विधीत सुवासिनी सजवलेली मुसळे हाती घेतात, त्यात त्या श्रमाची खूण आजही टिकून आहे.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळमार्गे घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली. कल्याण हे तांदळाच्या व्यापाराचे आणि भात भरडण्याच्या धंद्याचे जुने केंद्र होतेच. आता मुंबईची बाजारपेठ काही तासांवर आली. दूर जाणाऱ्या आणि गोदामात पडून राहणाऱ्या मालाला कोंडा अडचणीचा होता, पांढरा तांदूळ मात्र टिकत होता. पुढे एंगलबर्ग पद्धतीच्या हलर गिरण्या भारतभर पसरल्या. त्यांच्या एकाच नळकांड्यात तूस, कोंडा आणि अंकुर एकदमच घासून निघत, त्यामुळे जे काम उखळाजवळ टप्प्याटप्प्याने थांबवता येत असे ते यंत्रात शेवटापर्यंत होऊ लागले.

या बदलाची शारीरिक किंमत प्रथम जावा बेटावर उमगली. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात असे आढळले की सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा आजार जडतो आणि कोंडा दिल्यावर तो बरा होतो. या कार्यासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंड्यातील तो घटक म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. भारतीय अन्नपदार्थांच्या प्रमाणित तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम हातसडीच्या तांदळात ते ०.२१ मिलिग्रॅम, तर गिरणीच्या सडीक तांदळात केवळ ०.०६ मिलिग्रॅम असते. दक्षिण कोकणातील आणि गोव्यातील उकडा तांदूळ या हानीतून बराचसा वाचतो, कारण भात तुसासकट उकडताना जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला चळवळीचे रूप वर्ध्यात मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि घाण्याचे तेल यांचा पुरस्कार होऊ लागला. स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, भात गिरण्यांच्या नियमनाचा केंद्रीय कायदाही झाला. तरीही हातसड टिकली नाही, आणि तिचे अपयश केवळ लोकांच्या पांढऱ्या भाताच्या हौसेवर टाकणे अन्यायाचे होईल. पहाटे उठून मुसळ चालवणाऱ्या बाईची गिरणीने त्या कष्टांतून सुटका केली होती, आणि पोषणाच्या नावाने तिला पुन्हा उखळाशी बसवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

आज बेरीबेरीची जागा मधुमेह आणि हृदयविकार यांनी घेतली आहे. अख्ख्या धान्यातील तंतुमय भाग, म्हणजे आतड्यात न पचणारा वनस्पतिज अंश, साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो आणि बद्धकोष्ठता टाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात असे दिसले की सर्वाधिक तंतू खाणाऱ्यांमध्ये, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते.

इतिहासाने श्रम आणि पोषण यांच्यात जी निवड करायला लावली, ती आता आवश्यक राहिलेली नाही. रबरी रोलरच्या गिरणीत तूस काढणे आणि पॉलिश करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्या टप्प्यावर थांबले की कोणाच्याही हातांना घट्टे न पडता असडीक तांदूळ मिळतो. उरते ती त्याच्या लवकर खवट होण्याची अडचण, आणि तिच्यावर एक साधा उपाय म्हणजे भात पिकवणारा, भरडणारा आणि खाणारा यांच्यातील अंतर कमी राखणे. अंबरनाथ, मुरबाड आणि कर्जत तालुक्यांतील खाचरे अजून पिकत असताना, आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र जवळ असताना, हे अंतर कमी राखणे बदलापूरच्या रहिवाशांना मुंबईकरांपेक्षा किती तरी सोपे आहे. शेजारच्या शेतकऱ्याकडून थोडा थोडा, ताजा भरडलेला तांदूळ घेतला तर त्याची भातशेती आणि स्वतःची प्रकृती ही दोन्ही एकाच व्यवहारात सांभाळली जातील.